झोल

साक्षीचं पान सातवं, ओळ चौथी:
"हूक नुसतो डुलत होतो, सायबानू. मगे झोल इलो."
इतकंच बोललाय लवू पांगेरकर,
दारूखान्यात एकोणीस वर्षं जहाजं तोडणारा,
आणि माझी सकाळ तिथेच रुतून बसलीय
बोरा बाजारातल्या पोटमाळ्यावर,
पानाला दीडशे रुपये.

डुलत म्हणजे काय लिहू? स्वे?
स्वे होतो माड,
किंवा गुत्त्यातून घरी निघालेला माणूस.
बहमनजी वकील चष्म्यावरून बघतात.
"डिकरा, स्वे लिहिलंस तर कंपनी सुटली.
वाऱ्याला समन्स कोण बजावणार?"

मग स्विंग लिहिते.
पण स्विंगच्या मागे कुणीतरी उभं असतं,
बागेतल्या झोपाळ्यामागे बाप असतो तसं.
इथे मागे उभा राहतो क्रेनवरचा इस्माईल,
सलग दुसरी पाळी करणारा, झोपेला आलेला,
ज्याचं नावसुद्धा या सात पानांत कुणी घेतलेलं नाही.
खोडलं.

ऑसिलेट दिसायला छान, इस्त्रीचा शब्द.
कोर्टाला आवडेल.
पण ऑसिलेट होणारं जातं तितकंच परत येतं,
शाळेत दोऱ्याला टांगलेल्या दगडासारखं,
आम्ही सेकंद मोजायचो, बाई वहीवर सही करायच्या.
हा हूक गेला तितका परत आला नाही.
मध्ये तातूचा खांदा होता.

व्हायब्रेट म्हणजे खिशातला फोन. नको.
रॉक म्हणजे पाळणा.
अडीच टनांच्या लोखंडाला पाळणा म्हणायला
माझी जीभ रेटत नाही.

शेवटी लवूलाच बोलावलं.
दुपारी आला, कापडी पिशवी मांडीवर धरून बसला,
पंख्याखालची खुर्ची नको म्हणाला.
"हातानं दाखवा," मी म्हटलं.
त्याचा हात माझ्या टेबलावर लोंबला,
स्टेपलरवरून गेला, थबकला,
चहाच्या ग्लासावरून परत आला, थबकला,
सावकाश, जणू त्याला कुठेच जायची घाई नव्हती.
आणि मग कोपरातून एकदम सुटला.
ग्लास वाचला कसा, मला कळलं नाही.

"हो झोल," तो म्हणाला.
"म्हणजे वायर सैल पडली?"
"वायर पण."

मी टाइप करायची थांबले.
"वायर जुनी. दाखलो नवो," असं म्हणून
तो खिडकीकडे बघत राहिला,
जिथून फक्त समोरच्या इमारतीचा पाइप दिसतो.

"किती वेळा आलात या केसपायी?"
"तारखा धरून एकेचाळीस हेलपाटे."
मला सवय लागलीय, कुणी काही बोललं
की आतल्या आत त्याचं इंग्रजी करायची.
हेलपाटा: ट्रिप? ट्रिपला लोक माथेरानला जातात.
व्हिजिटला बिस्किटं नेतात.
शटलही सुचला, पण ते माग चालताना,
जाऊन-येऊन काही विणलं जात असेल तर.
बरं झालं, हा शब्द साक्षीत नाही.

चार वाजता बहमनजींपुढे पान ठेवलं.
डुलत होतोच्या जागी स्विंगिंगही नाही, स्वेइंगही नाही:
हूक इकडून तिकडे, तिकडून इकडे हलत होता,
सावकाश, दोन्ही टोकांना थांबत.
शब्द कमी पडला म्हणून वाक्य वापरलं.
आणि झोल तसाच ठेवला,
रोमन अक्षरांत, तिरका, खाली टीप.

टिपेत पहिला अर्थ: दोरात किंवा तारेत आलेला सैलपणा.
दुसरा अर्थ अख्ख्या मुंबईला ठाऊक आहे,
बहमनजींनाही. त्यांनी पेनचं टोपण काढलं,
लावलं, काढलं.

"दुसरा पण लिही," म्हणाले.

लवू अजून जिन्यात होता.
एकेक पायरी, कठडा धरून,
पिशवी मांडीवर आपटत.
तिचं काय होत होतं, ते मी शोधलं नाही.